बदलत्या करसवलती आणि एआय कंपनीची तयारी: नागपुरातील उद्योजकांसाठी

“एआयसाठी सरकार टॅक्स क्रेडिट देते म्हणे, त्यातले आपल्याला किती मिळेल?” असा प्रश्न घेऊन परसोडीच्या आयटी पार्कमधले किंवा मिहानमधले उद्योजक माझ्याकडे येतात, तेव्हा आकडा सांगण्याआधी मी शब्द नीट करून घेते. एआय या नावाने दिली जाणारी एकच एक करसवलत आपल्या आयकर कायद्यात नाही. जे मिळते ते निरनिराळ्या दारांनी मिळते: काही आयकरातील वजावटींमधून, काही केंद्राच्या इंडियाएआय मिशनसारख्या योजनांमधून, काही राज्याच्या धोरणांमधून, आणि ज्यांचे ग्राहक परदेशात आहेत त्यांच्या बाबतीत काही भाग त्या ग्राहकाच्या देशातील कायद्यामुळे. प्रत्येक दाराची अट वेगळी, कागद वेगळा आणि बंद होण्याची तारीखही वेगळी. त्यामुळे तयारीचा मोठा भाग योजना जाहीर होण्याच्या आधीच, कंपनीच्या रोजच्या नोंदींमध्ये झालेला असावा लागतो, आणि या लेखाचा भर त्यावरच आहे.

एक खुलासा आधीच करते. पुढे दिलेले कलमांचे क्रमांक १९६१ च्या आयकर कायद्यातील आहेत, कारण सीएंच्या आणि उद्योजकांच्या तोंडी अजून तेच बसलेले आहेत. आयकर अधिनियम २०२५ हा १ एप्रिल २०२६ पासूनचा कायदा आहे. त्यात कलमांचे क्रमांक बदलले आहेत आणि ‘मागील वर्ष’ व ‘आकारणी वर्ष’ या जोडीऐवजी ‘कर वर्ष’ ही एकच संज्ञा आली आहे. संचालक मंडळाचे ठराव, करारांचे नमुने आणि हिशेबाच्या सॉफ्टवेअरमधील शीर्षके यांत जुने क्रमांक राहिले असतील, तर ते आपल्या सीएंकडून एकदा तपासून बदलून घ्यावेत. काम कंटाळवाणे आहे, पण चुकीच्या कलमाखाली मागितलेली वजावट सिद्ध करत बसण्यापेक्षा ते खूपच सोपे आहे.

वजावट, क्रेडिट आणि अनुदान

समजा, एखाद्या मॉडेलवर आपण १ लाख रुपये खर्च केले. त्या खर्चाची साधी वजावट मिळाली, तर करपात्र नफा १ लाखाने कमी होतो आणि २५.१६८ टक्के दराने कर भरणाऱ्या कंपनीचे २५,१६८ रुपये वाचतात. क्रेडिट नफ्यातून वजा होत नाही, ते थेट भरावयाच्या करातून वळते होते. अनुदानाची रक्कम खात्यात येते किंवा बिलातून कमी होते, मात्र तिचा कराशी संबंध सुटत नाही, हे पुढे सांगतेच. अमेरिका आणि ब्रिटन या देशांत संशोधनासाठी क्रेडिटची पद्धत आहे, तर आपल्याकडे संशोधनाच्या खर्चाला कलम ३५ खाली वजावट आहे. परदेशी माहिती वाचून आलेल्या उद्योजकाने आपल्या अंदाजपत्रकात ‘क्रेडिट’ म्हणून जी रक्कम लिहिलेली असते, ती पुष्कळदा अस्तित्वातच नसते. म्हणून अंदाजपत्रकातील प्रत्येक सवलतीपुढे ती या तिघांपैकी कोणती आहे हे लिहावे. जिच्यापुढे हे लिहिता येत नाही, ती रक्कम तूर्त शून्य धरावी.

२०१६ च्या कायद्यातून शिकण्यासारखे

सवलती अचानक बदलतात, अशी तक्रार मी नेहमी ऐकते. ती पूर्ण खरी नाही, आणि यासाठी २०१६ चा वित्त अधिनियम पुन्हा वाचून पाहण्यासारखा आहे. त्याआधी कलम ३५(२एबी) खाली कंपनीच्या स्वतःच्या संशोधन केंद्रावरील मान्यताप्राप्त खर्चाला २०० टक्के वजावट मिळत असे. ती १ एप्रिल २०१७ पासून १५० टक्के आणि १ एप्रिल २०२० पासून १०० टक्के होईल, असे त्या अधिनियमातच लिहिले होते. विशेष आर्थिक क्षेत्रातील, म्हणजे सेझमधील, नव्या युनिटांना कलम १०एए ची सवलत हवी असेल, तर काम ३१ मार्च २०२० पर्यंत सुरू झाले पाहिजे, हेही त्यातच होते; पुढे कोविडमुळे ही मुदत काही महिने वाढली. पहिली पाच वर्षे निर्यातीच्या नफ्यावर १०० टक्के आणि पुढची पाच वर्षे ५० टक्के वजावट देणारे हे कलम मिहानच्या सेझमध्ये जागा घेणाऱ्यांसाठी किती मोठे आकर्षण होते, हे नागपुरात वेगळे सांगण्याची गरज नाही.

त्याच अधिनियमाने तीन दारे उघडलीसुद्धा. नवउद्योगांसाठी, म्हणजे स्टार्टअपसाठी, कलम ८०-आयएसी आले, नव्या नोकऱ्यांसाठीचे कलम ८०जेजेएए व्यापक झाले, आणि भारतात विकसित व नोंदणीकृत पेटंटच्या रॉयल्टीवर १० टक्के कराचे कलम ११५बीबीएफ आले. म्हणजे मोठ्या बदलांची तारीख चार वर्षे आधी छापून तयार होती. माझ्या ओळखीच्या एका कंपनीने तरीही २०१९ च्या हिवाळ्यात सेझमधील जागेची बोलणी सुरू केली आणि दहा वर्षांच्या करमाफीवर बेतलेला नफ्याचा तक्ता बँकेपुढे ठेवला. जागेची मंजुरी, वीज आणि अंतर्गत काम यांत मुदत निघून गेली. कर्ज फेडायचे होतेच, माफी मात्र नव्हती. त्या तक्त्यात ‘ही सवलत कधी संपते’ असा एक स्तंभ असता, तर ती बोलणी वेगळ्या भाड्यावर झाली असती.

असा स्तंभ असलेली एक वही कंपनीने करावी. स्प्रेडशीट चालेल, पण ती एकाच व्यक्तीच्या ताब्यात असावी. प्रत्येक सवलतीपुढे कायद्यातील कलम किंवा शासन निर्णय, लागू असण्याच्या अटी, शेवटची तारीख, प्रमाणपत्र कोणाकडून घ्यायचे, कोणता अहवाल कधी भरायचा, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे ‘ही सवलत उद्या गेली तर वर्षाच्या रोख रकमेत किती खड्डा पडेल’ हा आकडा लिहावा. हा शेवटचा आकडा पगाराच्या दोन महिन्यांच्या खर्चापेक्षा मोठा निघाला, तर कंपनी त्या सवलतीवर उभी आहे असे समजावे आणि ग्राहकांना देण्याचे दर नव्याने मांडावेत. दोन महिन्यांची ही मर्यादा माझ्या अनुभवातली आहे, कायद्यातली नाही.

आधी करसुट्टी की आधी कमी दर

नवीन कंपनीसाठी सर्वांत मोठा निर्णय इथे असतो, म्हणून यावर थोडे थांबते.

कलम ११५बीएए निवडणाऱ्या देशी कंपनीला २२ टक्के दराने, अधिभार व उपकर धरून २५.१६८ टक्के कर लागतो आणि किमान पर्यायी कर, म्हणजे वजावटींमुळे नेहमीचा कर शून्य झाला तरी हिशेबातील नफ्यावर भरावा लागणारा ‘मॅट’, लागत नाही. त्याबदल्यात बहुतेक विशेष वजावटी सोडाव्या लागतात, आणि त्यांत ८०-आयएसी येते. ही निवड एकदा केली की मागे घेता येत नाही. दुसरीकडे ८०-आयएसी खाली पात्र नवउद्योगाला स्थापनेपासूनच्या दहा वर्षांपैकी सलग तीन वर्षे पात्र व्यवसायाच्या नफ्यावर १०० टक्के वजावट मिळते. स्थापनेची अंतिम तारीख २०२५ च्या वित्त अधिनियमाने ३१ मार्च २०३० पर्यंत पुढे नेली आहे. नवउद्योग म्हणून डीपीआयआयटीची, म्हणजे केंद्राच्या उद्योग व अंतर्गत व्यापार प्रोत्साहन विभागाची, मान्यता हा फक्त पहिला टप्पा आहे. करमाफीसाठी आंतरमंत्रालयीन मंडळाचे वेगळे प्रमाणपत्र लागते. हा फरक न कळल्याने मान्यतेचे पत्र भिंतीवर लावून निर्धास्त बसलेले उद्योजक मी पाहिले आहेत.

सलग तीन वर्षे कोणती निवडायची हे आपल्या हातात असते. एआय कंपनीची पहिली दोन-तीन वर्षे बहुधा तोट्याची असतात आणि तेव्हा ही सुट्टी घेण्यात अर्थ नसतो. समजा, चौथ्या वर्षापासून दरवर्षी १ कोटी रुपये नफा दिसू लागला. ११५बीएए खाली दरवर्षी २५.१७ लाखांच्या आसपास कर जाईल. सुट्टीच्या वर्षी नेहमीचा आयकर शून्य होईल, पण मॅट द्यावाच लागेल. २०२६ च्या अर्थसंकल्पात मॅटचा दर १५ वरून १४ टक्के करण्याचा आणि त्याचबरोबर हा कर अंतिम मानून पुढच्या वर्षांत तो वळता करून घेण्याची नवी सोय थांबवण्याचा प्रस्ताव मांडला गेला. उपकर धरून १ कोटीवर हा मॅट १४.५६ लाख होतो. म्हणजे ‘पूर्ण करमाफी’च्या वर्षातही सुमारे साडेचौदा लाख रुपये खात्यातून जाणार आहेत, आणि पूर्वी जी रक्कम पुढे वळती होईल अशी आशा असायची ती आता नफ्यातून कायमची वजा धरावी लागते. तरीही वर्षाला सुमारे साडेदहा लाखांचा फरक उरतो, आणि तीन वर्षांचा हिशेब केला तर तो लहान कंपनीसाठी एका चांगल्या अभियंत्याच्या पगाराइतका आहे.

यातून निघणारा क्रम स्पष्ट आहे: आधी तीन वर्षांची सुट्टी घ्यावी आणि ती संपल्यावर ११५बीएए मध्ये जावे. हा प्रवास उलट दिशेने करता येत नाही. पहिल्याच वर्षी, तोटा असताना, केवळ ‘कमी दर’ म्हणून ११५बीएए चा फॉर्म भरून टाकण्याची घाई करू नये. हिशेबनीस ती पद्धत म्हणून करतात आणि दहा वर्षांची संधी एका क्लिकमध्ये जाते.

पात्रतेच्या दोन अटींवर नागपुरात विशेष अडचण येते. आपल्याकडे बरेच उद्योग आधी मालकी हक्काची फर्म म्हणून चालतात आणि ग्राहक वाढले की प्रायव्हेट लिमिटेड होतात. जुन्या व्यवसायाचे विभाजन किंवा पुनर्रचना करून उभी राहिलेली कंपनी या सवलतीला पात्र ठरत नाही आणि जुनी यंत्रसामग्री २० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. त्यामुळे फर्ममधली जुनी वेबसाइटची कामे आणि कंपनीतील नवे एआय उत्पादन हे ग्राहक, करार, माणसे आणि यंत्रे या सर्व बाबतींत वेगळे आहे, हे पहिल्या दिवसापासून कागदावर दिसले पाहिजे. दुसरी अट नावीन्याची आहे. केवळ माणसे पुरवून तासांचे बिल लावणाऱ्या कंपनीला मंडळापुढे आपले उत्पादन समजावून सांगणे जड जाते, आणि माझ्या मते ते जड जाणे योग्यच आहे.

गुंतवणूकदार येणार असेल तर कलम ७९ विसरू नये. भागधारक बदलले की जुना तोटा पुढे नेण्यावर मर्यादा येतात. पात्र नवउद्योगांना यात सूट आहे, पण तोट्याच्या वर्षातील भागधारक आपले भाग धरून राहिले पाहिजेत. संस्थापकांपैकी एक जण मधेच सर्व भाग विकून बाहेर पडणार असेल, तर करारावर सही होण्यापूर्वीच सीएंशी बोलावे.

फोटोंना लेबल लावणारी माणसे

एआयच्या चर्चेत कलम ८०जेजेएए चे नाव सहसा कोणी घेत नाही, आणि नागपूरसारख्या शहरातील कंपनीला प्रत्यक्षात बहुधा तेच सर्वांत आधी उपयोगी पडते. शिवाय ११५बीएए निवडल्यानंतरही ही वजावट शाबूत राहते. ज्या कंपनीला टॅक्स ऑडिट लागू आहे, तिने कर्मचाऱ्यांची संख्या वाढवली, तर पात्र नव्या कर्मचाऱ्यांच्या पगाराच्या ३० टक्के इतकी जादा वजावट सलग तीन वर्षे मिळते. कर्मचाऱ्याचा पगार महिन्याला २५,००० रुपयांपेक्षा जास्त नसावा, तो भविष्य निर्वाह निधीत सहभागी असावा, पगार बँकेतून दिलेला असावा, आणि त्या वर्षात त्याचे किमान २४० दिवस भरलेले असावेत.

एक उदाहरण जवळून पाहू. संत्र्यावरील रोग व कीड फोनच्या फोटोवरून ओळखणारे ॲप बनवणारी एक कंपनी आहे असे धरा. काटोल-नरखेड भागातील बागांमधून आलेल्या फोटोंना ‘डिंक्या’, ‘काळी माशी’, ‘निरोगी’ अशी लेबले लावण्यासाठी तिने महिना १८,००० रुपयांवर २० मुले-मुली नेमली. वर्षाचा पगार ४३.२० लाख, त्याच्या ३० टक्के म्हणजे १२.९६ लाखांची जादा वजावट, आणि २५.१६८ टक्के दराने सुमारे ३.२६ लाखांची करबचत. तीन वर्षांत ती ९.७८ लाखांच्या आसपास जाते. आता दिवस मोजा. ४ ऑगस्टला रुजू झालेल्या मुलीचे ३१ मार्चला बरोबर २४० दिवस होतात, १० ऑगस्टला आलेल्या मुलाचे २३४. त्याची सवलत बुडत नाही, कारण पुढच्या वर्षी २४० दिवस भरल्यास तो पुढच्या वर्षी नेमला गेला असे मानले जाते. पण यंदाच्या आगाऊ कराच्या हिशेबात त्याला धरून चालणार नाही. आणि हीच २० मुले मनुष्यबळ पुरवणाऱ्या एजन्सीच्या पटावर असतील, तर आपल्या कंपनीला यातील काहीच मिळत नाही. भरती जुलैत करायची की सप्टेंबरात, थेट करायची की एजन्सीमार्फत, हे प्रश्न मनुष्यबळ विभाग एकट्याने सोडवतो तेव्हा ही बचत हातची जाते.

८०-आयएसी काय किंवा ८०जेजेएए काय, दोन्हींसाठी विवरणपत्र मुदतीच्या आत भरणे ही अटच आहे. उशिरा भरलेल्या विवरणपत्रात वजावट मागता येत नाही. लेखापरीक्षकाचा अहवाल त्याच्या एक महिना आधी भरायचा असतो, म्हणजे विवरणपत्राची तारीख ३१ ऑक्टोबर असेल तर अहवालाची ३० सप्टेंबर. त्या काळात सीएंच्या कार्यालयात किती गर्दी असते हे मला रोज दिसते. कर्मचाऱ्यांची यादी, रुजू होण्याच्या तारखा आणि निधीचे क्रमांक जूनमध्येच पाठवावेत.

मिळालेले अनुदानही हिशेबात येते

इंडियाएआय मिशनला केंद्रीय मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये मंजुरी दिली, त्याची तरतूद १०,३७१.९२ कोटी रुपयांची आहे, आणि त्यातून पात्र वापरकर्त्यांना जीपीयूच्या, म्हणजे एआयच्या आकडेमोडीसाठी लागणाऱ्या चिपच्या, खर्चात ४० टक्क्यांपर्यंत सूट मिळू शकते. महाराष्ट्राने २०२५ मध्ये कृषी क्षेत्रासाठी महाॲग्री-एआय धोरण मंजूर केले. नागपुरात लिंबूवर्गीय फळांची आणि कापसाची केंद्रीय संशोधन संस्था आहे, त्यामुळे शेतीवर काम करणाऱ्या इथल्या कंपन्यांनी या धोरणाकडे बारकाईने पाहावे, असे मला मनापासून वाटते.

मात्र सरकारकडून मिळालेले अनुदान, सूट किंवा रोख प्रोत्साहन हे आयकर कायद्याप्रमाणे उत्पन्न मानले जाते. ते एखाद्या मालमत्तेच्या किमतीपोटी असेल, तर त्या मालमत्तेची किंमत तेवढी कमी धरावी लागते. ५० लाखांच्या सर्व्हरवर १० लाख अनुदान मिळाले, तर संगणकांसाठीचा ४० टक्के घसारा ४० लाखांवर मिळतो, ५० लाखांवर नाही. सर्व्हर वर्षात १८० दिवसांपेक्षा कमी वापरला असेल तर त्या वर्षी निम्माच. अनुदान मंजूर झाल्याचे पत्र आले की आनंदाने सगळी रक्कम खर्चात टाकणाऱ्या संचालकांनी त्यातला कराचा हिस्सा त्याच दिवशी वेगळ्या खात्यात काढून ठेवावा.

बातम्यांच्या मथळ्यांबाबतही सावध राहावे. केंद्राची १ लाख कोटी रुपयांची संशोधन, विकास व नवोन्मेष योजना २०२५ मध्ये मंजूर झाली, पण तिचा मुख्य भर दीर्घ मुदतीच्या, कमी व्याजाच्या वित्तपुरवठ्यावर आहे. कर्ज परत करायचे असते. डेटा सेंटरसंबंधी २०४७ पर्यंतची जी करसवलत २०२६ च्या अर्थसंकल्पात जाहीर झाली, ती भारतातील डेटा सेंटर वापरून जगभर क्लाउड सेवा देणाऱ्या परदेशी कंपन्यांसाठी आहे. तिचा अप्रत्यक्ष फायदा आपल्या शहराला होवो, पण आपल्या विवरणपत्रात ती येत नाही.

कामाची नोंद काम होत असतानाच

माझ्या मते सगळ्या तयारीचा कणा हाच आहे. सवलतीचे नाव, दर आणि कलम बदलत राहतील, पण प्रत्येक सवलत देणारा अधिकारी, परीक्षक किंवा परदेशी ग्राहकाचा सल्लागार शेवटी एकच विचारतो: नेमके काय काम झाले, ते कोणी केले, किती वेळ लागला, आणि त्यात आधी माहीत नसलेले असे काय होते?

एका तपासणीत मी पाहिलेली टाइमशीट अशी होती: सोमवार ते शुक्रवार, दररोज ८ तास, वर्णनात ‘एआय मॉडेलचे काम’. अशा ५२ आठवड्यांच्या नोंदी होत्या आणि त्या मार्चअखेरीस एका बैठकीत भरल्याचे सहज कळत होते, कारण पोळ्याला आणि दिवाळीलासुद्धा ८ तास लिहिलेले होते. काम खरे झाले होते, यात मला शंका नव्हती. ते सिद्ध करता आले नाही. त्या अभियंत्याने खरोखर केलेले काम त्याच्या कोडच्या नोंदींमधून आम्ही नंतर शोधले, तेव्हा एका आठवड्याचे वर्णन असे निघाले: ‘ढगाळ दिवशी काढलेल्या फोटोंवर मॉडेल निरोगी पानालाही रोग सांगते. उजेडाचा फरक भरून काढण्याच्या दोन पद्धती करून पाहिल्या. पहिलीने चूक वाढली. दुसरीने कमी झाली, पण जुन्या फोनवर ॲप संथ झाले. पुढच्या आठवड्यात मॉडेल लहान करून पाहणार. वेळ: ३१ तास. उरलेले ९ तास ग्राहकाच्या तक्रारी.’ संशोधन कशाला म्हणतात हे या मोजक्या वाक्यांत आहे. अडचण काय होती, उत्तर आधी माहीत नव्हते, काय करून पाहिले, काय फसले, आणि नेहमीच्या देखभालीचे तास वेगळे काढले.

म्हणून दर शुक्रवारी संध्याकाळी प्रत्येक अभियंत्याने अशी पाच-सहा वाक्ये लिहावीत, मराठीत लिहिली तरी चालतील, आणि फसलेले प्रयोग आवर्जून लिहावेत. आपल्याकडे अपयश लपवण्याची सवय आहे. इथे मात्र फसलेला प्रयोग हाच अनिश्चिततेचा सर्वांत चांगला पुरावा असतो. प्रत्येक प्रकल्पाला एक सांकेतिक क्रमांक द्यावा आणि तोच क्रमांक टाइमशीटवर, क्लाउडच्या बिलावर, डेटा विकत घेतल्याच्या इनव्हॉइसवर आणि हिशेबाच्या खात्यात वापरावा. क्लाउड कंपन्यांच्या बिलात प्रकल्पानुसार टॅग लावण्याची सोय असते. ती पहिल्या दिवसापासून वापरली नाही, तर वर्षअखेरीस मॉडेल शिकवण्याचा खर्च कोणता आणि ग्राहकांना सेवा देण्याचा खर्च कोणता, हे वेगळे करणे जवळजवळ अशक्य होते.

अमेरिकेतला ग्राहक आणि नागपुरातले काम

निर्यात करणाऱ्या कंपन्यांना स्वतःच्या करापेक्षा ग्राहकाच्या कराचा धक्का आधी बसतो. अमेरिकेत १ जानेवारी २०२२ पासून सुरू होणाऱ्या वर्षांसाठी संशोधन व सॉफ्टवेअर विकासाचा खर्च एकाच वर्षी वजा करण्याची मुभा गेली: देशातील कामाचा खर्च ५ वर्षांत आणि देशाबाहेरील कामाचा १५ वर्षांत विभागणे सक्तीचे झाले. ४ जुलै २०२५ रोजी सही झालेल्या कायद्याने देशातील कामाला एकाच वर्षी वजावट परत मिळाली, पण परदेशातील कामासाठी १५ वर्षे तशीच राहिली. याचा अर्थ, नागपुरात होणाऱ्या विकासकामासाठी अमेरिकी ग्राहकाने १०० डॉलर दिले, तर पहिल्या वर्षी त्याला त्यातले ३.३३ डॉलरच वजा करता येतात. तेच काम तिथे केले तर सगळे १००. आपला दर कमी असला तरी ग्राहकाचा वित्तप्रमुख हा फरक मोजतो, आणि दराची घासाघीस तिथून सुरू होते.

यावर उपाय म्हणजे बिलाची आणि कराराची प्रामाणिक विभागणी. नवीन क्षमता उभारण्याचे काम विकासात मोडते. वापरात असलेल्या प्रणालीची देखभाल, तक्रारी, प्रशिक्षण आणि डेटाची नेहमीची साफसफाई यांचा प्रश्न वेगळा असतो. ‘सॉफ्टवेअर सेवा, ऑगस्ट महिना’ अशा एकाच ओळीच्या बिलामुळे ग्राहकाचा सल्लागार सगळीच रक्कम १५ वर्षांच्या खात्यात टाकण्याची शक्यता असते. जे तास खरोखर देखभालीचे आहेत ते वेगळ्या ओळीत दाखवावेत, त्याला शुक्रवारच्या नोंदींचा आधार असावा, आणि नसलेले तास त्या ओळीत कधीही ढकलू नयेत. बौद्धिक संपदा कोणाची आणि काम फसल्यास नुकसान कोणाचे, ही दोन कलमे करारात स्पष्ट असावीत, कारण संशोधन कोणाच्या खात्यात धरायचे हे पुष्कळदा त्यांवर ठरते. ब्रिटनमध्येही १ एप्रिल २०२४ पासून सुरू होणाऱ्या हिशेबी वर्षांसाठी बाहेरच्या देशात करून घेतलेल्या संशोधनावर मर्यादा आल्या आहेत. ग्राहक कोणत्या देशातला आहे त्याप्रमाणे करार नूतनीकरणाच्या तीन महिने आधी हा विषय आपणहून काढावा. त्याने काढेपर्यंत थांबल्यास बोलणी त्याच्या अटींवर होतात.

अर्थसंकल्पानंतरचा आठवडा

१ फेब्रुवारीला भाषण ऐकावे, पण त्यावरून एकही निर्णय घेऊ नये. त्याच दिवशी वित्त विधेयक आणि त्याचे स्पष्टीकरण देणारे टिपण अर्थ मंत्रालयाच्या संकेतस्थळावर येते. कंपनीतील दोघांनी, एक हिशेब पाहणारा आणि एक तंत्रज्ञानाची बाजू सांभाळणारा, आपल्या वहीतील प्रत्येक कलम त्यात शोधावे आणि बदल कोणत्या तारखेपासून लागू होणार एवढेच आधी टिपावे. तंत्रज्ञ सोबत असणे आवश्यक आहे, कारण ‘संगणकीय क्षमता’ किंवा ‘विकास’ यांसारख्या शब्दांची व्याप्ती हिशेबनिसाला एकट्याने उमगत नाही. मग पुढच्या वर्षाचा रोख रकमेचा तक्ता दोनदा मांडावा, एकदा सर्व सवलती धरून आणि एकदा एकही न धरता, आणि भरती, भाडे व कर्जाचे हप्ते दुसऱ्या तक्त्यावरून ठरवावेत. विधेयक संसदेत मंजूर होईपर्यंत त्यात दुरुस्त्या होतात, म्हणून मार्चअखेरीस तीच वही पुन्हा उघडावी. ११५बीएए ची निवड, भरतीचे महिने आणि नव्या सर्व्हरची खरेदी हे तीन निर्णय तोवर राखून ठेवता येतात. शुक्रवारच्या नोंदी मात्र या आठवड्यापासूनच सुरू कराव्यात.